हिरव्या झाकणाची नळी

मंदाकिनीच्या हातून या महिन्यात सहावी कपबशी फुटली. तिचा भाऊ भास्करदादा शाळेची बस चालवतो. तिच्या आजारावरच्या औषधासाठी रक्ताच्या दोन नळ्या लागतात: लाल झाकणाची आजाऱ्याची, हिरवी निरोगी भावंडाची. हिरव्या नळीत रक्त देणाऱ्याला लगेच निरोगीपणाचा दाखला मिळतो आणि तो बसच्या परवान्यालाही चालतो.

प्रयोगशाळेतल्या तडवीबाईंनी संगणकाचा पडदा तिघा भावंडांकडे वळवला. दोन्ही नळ्यांतली जनुकं ताडून पाहायची आणि जिथे फरक दिसेल तिथेच औषधाचा नेम धरायचा, अशीच आता प्रत्येकाची औषधं बनत होती.

"ताईंच्या लाल आणि दादांच्या हिरव्या नळीत फरकच नाही," त्या म्हणाल्या. "यंत्र नळीवर लिहिलंय ते खरं मानतं. नेम धरायला जागाच सापडत नाही त्याला."

"मग माझं रक्त घ्या," धाकटी बहीण वृंदा म्हणाली.

"आता नवा अर्ज दोन वर्षांनी, ताई. एका अर्जाला एकच जोडी."

मंदाकिनीने थरथरते हात पदराखाली घेतले. "तोवर घास तरी जाईल का माझ्या हाताने तोंडात?"

वृंदा भावावर उखडली. "मी बाही वर केली होती, दादा! तूच म्हणालास, थोरला असताना धाकटीने कशाला सुई टोचून घ्यायची?"

"मला काय स्वप्न पडलं होतं?" भास्कर म्हणाला. त्याचे हात खिशात होते.

"जाऊ दे गं," मंदाकिनी म्हणाली. "मायेनेच दिलं त्याने."

रक्त देण्याच्या दहा दिवस आधी भास्करने परगावी, खोट्या नावाने तपासणी करून घेतली होती. त्यालाही मंदाकिनीचाच आजार निघाला होता.