एका किकमध्ये

माझ्या नव्या इटालियन स्कूटरवरून बाबांचा हात फिरत राहिला. गोल दिवा, पत्र्याची फुगीर पाठ, सगळं त्यांच्या जुन्या स्कूटरसारखंच. स्कूटर त्यांनी लगेच ओळखली. आईला आणि मला मात्र ते हल्ली ओळखत नव्हते.

सवयीने, पेट्रोल उतरावं म्हणून, त्यांनी स्कूटर तिरकी केली आणि किक मारायला पाय उचलला. हिला किकच नव्हती. पाय हवेतून खाली आला तेवढ्यात मी हँडलवरचं बटण दाबलं. इंजिन सुरू झालं.

"बघा बाई, एका किकमध्ये!" बाबा आईला म्हणाले.

"कधी नव्हे ते!" आई फणकारली. "लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी शालू खोचून ढकलली होती मी."

बाबा तिच्या पायांकडे बघत राहिले.

"चप्पल तुटली होती तुझी."