काबुली हिंग

फरीदसाहेब हिंगाचे नमुने घेऊन शहाद्यात हस्तीमलशेटच्या दुकानी आले, तेव्हा शेटला कसंसंच झालं. पुण्यात शिकलेले हे अफगाण गृहस्थ कालपरवापर्यंत दिल्लीच्या वकिलातीत मोठे अधिकारी होते. काबूलचं सरकार पडलं, नव्यांचा झेंडा लावायला त्यांनी नकार दिला आणि खुर्ची गेली.

"एक झेंडाकरता?" चहा पीत बसलेले सभापती नाना हळहळले. साहेबांना बाहेर नेऊन त्यांनी आपल्या गाडीची डिकी उघडली. आजवर गळ्यात घातलेली चार पक्षांची उपरणी आत इस्त्री करून ठेवली होती.

"आणि लोक काय म्हणतात?" साहेबांनी विचारलं.

"काय म्हनतीन? सत्कार करतस."


आत गादीवर हे ऐकून शेट हिंग हुंगू लागला. चारही पक्षप्रवेशांना पहिला हार त्याचाच होता.