धूर साफ आहे

"सेन्सर गेलाय," गाडीच्या मागे उकिडवे बसूनच सासरे म्हणाले. "नवा मागव आणि मोकळी हो."

सूनबाईनं बॉनेटखालून डोकं बाहेर काढलं. तिच्या हातातल्या स्कॅनरवर सेन्सरनं धुरावरून काढलेला हवा-पेट्रोलच्या मेळाचा आकडा दिसत होता. तो एकच्या आसपास हवा, पण पॉइंट आठवर येऊन बसला होता. "बाबा, सेन्सर म्हणतोय पेट्रोल जास्त जातंय."

"खोटं बोलतोय लेकाचा." त्यांनी सायलेन्सरच्या तोंडाशी नाक नेलं, डोळे मिटले आणि अत्तराच्या दुकानात घेतात तसा श्वास घेतला. "धूर साफ आहे."

झालं! आता यावर कोण बोलणार? या गॅरेजात स्कॅनर आले, नवनवी यंत्रं आली, सूनबाई स्वतः पाना हातात घेऊन उभी राहिली. पण गाडी बाहेर पडायची ती सासऱ्यांनी धूर हुंगून डिकीवर दोन चापट्या मारल्यावरच. त्या चापट्या त्यांनी आजवर दुसऱ्या कुणाला मारू दिल्या नव्हत्या.

"काका म्हणतायत तर बदलून टाका ना ताई," शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर म्हणाला. गाडी त्याचीच होती. "शाळा सुटायच्या आत मला फाटकाशी उभं राहायचंय."

"बदलते की. पण आधी गेलाय का ते तरी बघू. हाक मारू, ओ देतो का पाहू. धड असेल तर दोन्हीकडून ओ देईल. काहीही केलं तरी एकच आकडा धरून बसला, तर गेला म्हणायचं."

तिनं इंजिनावरची एक बारीक रबरी नळी उपटली. फस्सकन हवा आत ओढली गेली, इंजिन अडखळलं आणि आकडा सरसर चढून एकच्या वर गेला. "हवा वाढली. लगेच बोलला." नळी जागेवर बसवून तिनं हवेच्या वाटेनं क्लीनरचा स्प्रे जरासा आत सोडला. इंजिनाच्या दृष्टीनं तेही जळणच. आकडा धपकन पॉइंट सातवर आला.

"दोन्हीकडून ओ आली. सेन्सर ठणठणीत आहे, बाबा. पेट्रोल सोडणारा इंजेक्टर ठिबकतोय." आवाजात थोडी मिजास होती, आणि का नसावी?

"म्हणजे खोटं मी बोलतोय?"

"मी कुठं तसं म्हटलं?"

सासऱ्यांनी ड्रायव्हरचा दंड धरला आणि त्याला ओढतच गाडीमागं नेलं. "तू सांग रे. हुंग. कुणाची भीड ठेवू नकोस."

ड्रायव्हर अर्धाही वाकला नाही, तोच त्यानं रुमाल नाकाला लावला. "अहो काका, डोळ्यांत पाणी आलं! नुसता पेट्रोलचा भपकारा येतोय."

सूनबाईला हसू आलं होतं. सासऱ्यांचा चेहरा पाहिला आणि ते जागच्या जागी विरलं. तिनं इंजिन बंद केलं.

"सकाळी दूध करपलं," ती म्हणाली. "मी माडीवरून वासानं धावत आले. तुम्ही शेजारी पेपर वाचत बसला होतात. मला वाटलं मुद्दाम उठला नाहीत. नाही नाही ते बोलले मी तुम्हाला."

"बोललीस ती बोललीस." ते स्टुलावर बसले. "आता मला हाक मार."

त्यांनी डोळे मिटले. तिनं पेट्रोलमध्ये बुडवलेलं फडकं त्यांच्या नाकाशी धरलं.

"कोरडं," ते म्हणाले.

मग तिनं धुतलेलं, वाळलेलं फडकं धरलं.

"हेही कोरडं."

त्यांनी डोळे उघडले. तिच्या दुसऱ्या हातातल्या फडक्यातून पेट्रोल जमिनीवर गळत होतं.

"गेले काही दिवस सगळ्याच गाड्या साफ निघत होत्या," सासरे म्हणाले. "मला वाटलं, म्हातारपणी हात बसला."

"संध्याकाळी डॉक्टरकडे जाऊ," ती म्हणाली.

"जाऊ. आणि त्या गाड्या परत बोलवाव्या लागतील."

"बोलवू. त्यात काय?"

"मग पाना दे इकडे. पोरं उन्हात ताटकळतील."

हात मात्र त्यांचा खरोखरच बसलेला होता. इंजेक्टर त्यांनी जवळजवळ न बघताच काढला, नवा बसवला आणि सूनबाईनं पाइप जोडायच्या आत तिचं चुकीच्या बाजूनं बसलेलं वॉशरही उलटं केलं. "हे तुझा स्कॅनर नाही सांगणार," असं म्हणायलाही विसरले नाहीत. गाडी सुरू केली. आकडा थोडा डुलला आणि एकवर स्थिरावला.

ड्रायव्हर आत जाऊन बसला, पण त्यानं गिअर काही टाकला नाही.

सासरे सवयीनं गाडीमागं गेले, वाकू लागले आणि मध्येच थांबले.

"सूनबाई, ये. तू हुंग."

ती गुडघ्यांवर बसली. धूर कोमट होता, पेट्रोलचा मागमूस नव्हता. तरी तिनं घाई केली नाही. डोळे मिटून पुन्हा एकदा श्वास घेतला.

"साफ आहे."

"नक्की?"

"नक्की, बाबा."

"मग माझ्या तोंडाकडे काय बघतेस? मार चापट."

तिनं काळ्या झालेल्या हातानं डिकीवर चापट मारली. व्हॅन जागची हलली नाही. ड्रायव्हर आरशात बघत दुसरीची वाट पाहत होता.

दुसरी सासऱ्यांनी मारली.