त्याच जागी चूक

सरांनी तिला नियमच घालून दिला होता: गिटारचा धडा तीनदा बिनचूक वाजला, तरच मेट्रोनोमचा वेग मिनिटाला चार ठोक्यांनी वाढवायचा. रोज दुपारी हॉस्पिटलची ड्यूटी संपवून ती बसायची, आणि तिची करंगळी हटकून एकाच जागी घसरायची.

लगेच शेजारच्या कुलूपबंद खोलीतून तोच धडा ऐकू यायचा, त्याच चुकीसकट.

"रिकामी खोली म्हटल्यावर आवाज घुमणारच गं," आई म्हणायची.

आज एकशेवीसच्या वेगातही तिचं तिन्ही वेळा बिनचूक वाजलं.

पलीकडे करंगळी घसरली.

पलीकडे खुर्ची मागे सरकली. पावलं बाहेर आली आणि यांच्याच दारावर टकटक झाली, नेमकी एकशेवीसच्या लयीत.

"आले, आले!" म्हणत आईने कडी काढली.