कात्रीत न सापडणारं वाक्य

लूशस पेटवेच्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं ते १९४० साल. लग्नानंतर सगळं वऱ्हाड त्याचा सिनेमा बघायला गेलं. मग तिने मिसिसिपीहून हॉलिवूडला पत्र टाकलं : "दादा, दार आपोआप उघडलं, कॉफी आपोआप आली. तू होतास कुठे? आई पडद्यालाच विचारत बसली, माझा लूशस कुठाय?"

सेटवर सगळे त्या पत्राला हसले. लूशस हसला नाही. अमेरिकेच्या दक्षिणेतली थिएटरं काळ्या नटाचे प्रसंग कापून टाकत. स्टुडिओही ते असे वेगळे घेई, की कापले तरी गोष्टीला भोक पडू नये. एकवीस सिनेमांत तो बटलर झाला होता. गावाने त्याला पडद्यावर एकदाही पाहिलं नव्हतं.

नव्या सिनेमाच्या शेवटी नायिका विचारते, खुनाच्या संध्याकाळी घरात कोण आलं? उत्तर नायक देतो, आणि त्यातूनच खुनी कळतो. लूशसने तोवर ट्रे ठेवून निघून जायचं.

"ते वाक्य मला द्या, साहेब," तो सकाळीच दिग्दर्शक डेलमारना म्हणाला. "घरात कोण आलं-गेलं ते बटलरलाच ठाऊक असतं."

"ट्रे ठेव आणि चालू लाग. शहाणपणा केलास तर थेट घरी."

कॅमेरा सुरू झाला. लूशसने ट्रे ठेवला. तो गेला नाही. दोघांच्या मधोमध उभा राहिला. नायिका कॉरिन ॲशबीने प्रश्न विचारला. नायकाने तोंड उघडायच्या आत लूशस बोलला, "तुमचे वडील, बाईसाहेब. दार मीच उघडलं."

कॉरिन त्याच्याकडे बघत राहिली. मग खरोखरच रडली.

"कट! काढा याला बाहेर. पुन्हा घेऊ."

कॉरिनने नाक पुसलं. "खुशाल घ्या. मी आज दुसऱ्यांदा रडणार नाही."

डेलमारनी संकलकाकडे पाहिलं. "एवढा भाग कापता येईल?"

"येईल की. खुनी कोण ते मग प्रेक्षकांना पत्राने कळवू."

डेलमारनी पटकथा मिटली. "राहू दे," ते म्हणाले. "पण लूशस, उद्यापासून इथे पाऊल टाकायचं नाही. जा, आईला कळव, आता दिसशील म्हणून."

"गावात आणखीही माणसं आहेत, साहेब."

त्याने पांढरे हातमोजे काढून ट्रेवर ठेवले आणि स्वतःचा कोट चढवला. आतल्या खिशात बहिणीची तार होती. त्याची आई, ओडेसा पेटवे, आदल्याच दिवशी, सोमवार ३ फेब्रुवारी १९४१ रोजी, वारली होती.