ओल्या लाकडाचा वास

“बसायला जागा नाही हो, फक्त पार्सल,” खिडकीतली बाई म्हणाली. मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि हातातलं फडकं खाली ठेवलं. “तुम्ही रविवारच्या पेपरात खाण्यावर लिहिता ना?”

नाही म्हणण्यात अर्थ नव्हता. लेखाशेजारी त्याचा फोटो छापून येई. ऑफिसातले लोक तर त्याला नावाने हाकच मारत नसत, चाखणकर म्हणत.

दुकान म्हणजे दोन इमारतींच्या सांदीत बसवलेली एक खोली आणि रस्त्यावर उघडणारी खिडकी. पाटीवर खडूने लिहिलं होतं : व्हीगन. मांस नाही, अंडं नाही, दूध-तूप नाही. ऐन जेवणाच्या वेळी खिडकीसमोर तो एकटाच उभा होता. शेजारच्या सँडविचवाल्याकडे मात्र माणसांना पाय ठेवायला जागा नव्हती.

“तुमचा हात ज्यावर बसलाय ते द्या,” तो म्हणाला. “दोन डबे.”

“मशरूम-मिरीचा रस्सा आणि भात. ताजाच करते.”

तिची धांदल उडाली होती. मशरूम परतताना तिने दोनदा मागे वळून पाहिलं. फळीवरून सोयाच्या दुधाचा डबा काढला, फोडला, पातेल्यात ओतून रस्सा ढवळला. वाफ खिडकीबाहेर आली, त्याच्या चष्म्यावर बसली. त्याने चष्मा पुसला.

“एक सांगू?” डबे बांधताना ती म्हणाली. “वाईट लिहिलंत तरी चालेल. माझा भाऊ म्हणतो, हे दुकान महिनाभरात उठणार. उठू दे. पण तुम्ही खाऊन लिहा. मला एकदा कळू दे, चुकतंय कुठे ते.”

तो हो म्हणाला आणि पटकन वळला. त्या बाईच्या डोळ्याला डोळा देणं त्याला जमलं नाही.

कारण दोन वर्षांपूर्वीच्या तापात त्याची चव गेली होती आणि वासही. तो आणि त्याची बायको एकाच खोलीत शेजारी शेजारी पडून होते. ती आधी उठली. तो उठला तेव्हा कॉफी आणि कोमट पाणी यांत त्याला फरक कळेना. त्याने ते फक्त तिला सांगितलं. ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली आणि मग म्हणाली, “माझी आहे ना. मी सांगेन, तुम्ही लिहा.”

झाकली मूठ सव्वा लाखाची. दोन वर्षं त्याने कोणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. घर त्या लेखांवर चालत होतं.

घरी आल्यावर बायकोने डबा उघडला. एक घास घेतला, डोळे मिटले, बराच वेळ तोंडात घोळवला. तो वही घेऊन समोर बसला होता.

“मिरी झोंबते, पण घसा धरत नाही,” ती म्हणाली. “मशरूम शिजलंय, पण दाताखाली येतंय. रस्सा सायीसारखा मऊ.”

“आणि वास?”

ती थोडी थांबली. “ओल्या लाकडासारखा. छान आहे.”

त्याचा जीव भांड्यात पडला. निदान या वेळी चांगलं लिहायचं होतं. तिच्याशिवाय आपलं काय झालं असतं, या विचाराने त्याला गहिवरून आलं.

संध्याकाळी स्वयंपाक करताना तिने रोजच्यासारखा आमटीचा थेंब त्याच्या तळहातावर ठेवला. “मीठ बघता?”

“बरोबर आहे,” तो रोजच्यासारखंच म्हणाला. ही त्यांच्या घरातली जुनी रीत. त्याची जीभ गेल्यावरही तिने ती मोडली नव्हती. आपला मान राखायला ती विचारते, हे त्याला समजत होतं. पूर्वी चिमटीने मीठ टाकणारी बायको आता चमच्याने मोजून टाकायची. वयाने हात कापतो, म्हणायची. मागे मेहुणी जेवायला आली होती आणि जाताना, ताईचा मिठाचा हात हल्ली भारी पडतो, असं पुटपुटली होती. त्या दिवशी तो मेहुणीवर चांगलाच उखडला होता.

रविवारी लेख आला. सोमवारी संध्याकाळी फोन वाजला.

“खिडकीतली बाई बोलतेय,” आवाज थकलेला होता. “आज दुकानासमोर रांग होती. तुमच्यामुळे.”

“वा, छान झालं.”

“माझ्याकडे सोयाच्या दुधाचे दोन प्रकार असतात. साधं, आणि शेकमध्ये घालायचं व्हॅनिलाचं. डबे दिसायला सारखेच. त्या दिवशी तुम्हाला बघून मी गडबडले आणि रश्श्यात व्हॅनिला ओतलं. तुम्ही गेल्यावर चाखून पाहिलं, तर गोडमिट्ट. घाणेरडं. मी तुमच्यामागे पळत आले होते, तुम्ही दिसला नाहीत.”

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“आठवडाभर मी रविवारची वाट बघत होते, हा माणूस आता माझी सालटी काढणार म्हणून. आणि तुम्ही लिहिलंत, ओल्या लाकडाचा वास. एवढंच मागितलं होतं मी तुमच्याकडे. तुम्ही डबा उघडलासुद्धा नाहीत ना?”

“उघडला होता,” तो म्हणाला.

तिने फोन ठेवला.

त्याला राग आला. बायकोला त्या बाईची कीव आली असणार, म्हणून तिने खोटं सांगितलं. कीव करायची तर करावी, पण त्याच्या नावावर? दोन वर्षं तो तिच्या एकेका शब्दावर डोळे मिटून विसंबला होता.

तो स्वयंपाकघरात गेला. ती शेगडीपाशी पाठमोरी उभी होती. वळून न बघता तिने चमचा पुढे केला.

“मीठ बघता?”

“मला काय कळणार?” तो ओरडलाच. “माहीत आहे ना तुला? मग रोज रोज हे नाटक कशाला?”

तिचा हात तसाच पुढे राहिला. चमच्यातली आमटी फरशीवर ठिबकली.

“दोघांपैकी एकाची तरी चव परत येईल,” ती म्हणाली, “म्हणून विचारते.”