न धुतलेलं पातळ

“अगं, बॅग विमानात हरवली, मग मीटिंगला घातलंस काय?” मावशीने फोनवर विचारलं.

“इथेच एक कोट घेतला. कपड्यांचं काही नाही गं, मावशी. बॅगेत आईचं पातळ आहे.”

आई गेल्यावर तिची सगळी पातळं मावशीनेच वाटून टाकली होती. दवाखान्यात जायच्या सकाळी आईने सोडून ठेवलेलं एवढं एकच मी लपवलं, न धुता. त्याला खोबरेल आणि बामाचा वास होता. ते उशाशी घेतल्याशिवाय झोप येत नसे, म्हणून हॅम्बर्गलाही सोबत आणलं होतं.

परतायच्या आदल्या दिवशी मीटिंगहून आले, तर हरवलेली बॅग हॉटेलच्या काउंटरवर होती. तिथली मुलगी हसून म्हणाली, “बॅग पार भिजून आली होती. तुम्ही आधीच त्रासात, म्हणून आम्ही सगळे कपडे धुऊन इस्त्री केले. पैसे नकोत हं.”

मी बॅग उघडून पातळाची घडी नाकाशी धरली. कुठल्यातरी फुलांच्या साबणाचा वास आला.

“तेलाचे डाग होते त्यावर,” ती म्हणाली. “तेही गेले.”

मी तिचे आभार मानले.